ओबीएम गोड्या पाण्यानं धुवायचं कसं: किनाऱ्यावर नव्यानं इंजिन घेतलेल्यांसाठी

फायबरची लहान होडी आणि तिच्या मागे लावलेलं ओबीएम (आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीला बाहेरून अडकवायचं इंजिन) हे चित्र आता मालवण-देवबागपासून हर्णै-अलिबागपर्यंत सगळीकडे दिसतं. कुणी मासेमारीसाठी इंजिन घेतं, कुणी पर्यटकांना खाडीत फिरवायला. इंजिन विकणारा ते चालू कसं करायचं, गिअर कसा टाकायचा, पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं हे सगळं दाखवतो. समुद्रातून परत आल्यावर काय करायचं, हे मात्र "गोड्या पाण्यानं धुवा" एवढ्या एका वाक्यात उरकतो. मग नवखा माणूस बाहेरून पाइप फिरवतो, फडक्यानं पुसतो, इंजिन चकाचक दिसतं आणि दोन हंगामांत ते गरम होऊन बंद पडायला लागतं.

म्हणून हा लेख. बाहेरचं मीठ दिसतं, ते कुणीही पुसतं. इंजिन खातं ते आतलं मीठ. खारं पाणी इंजिनात जिथवर गेलं होतं, तिथवर गोडं पाणी गेलं पाहिजे आणि तेही आतलं पाणी वाळायच्या आधी. खालच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत.

आधी पाण्याची वाट समजून घ्या

ओबीएम थंड राहतं ते ज्या पाण्यात चालतं त्याच पाण्यावर. मोटारगाडीसारखा त्याला रेडिएटर नसतो. (होंडाच्या २.३ हॉर्सपॉवरसारखी काही छोटी इंजिनं हवेवर थंड होतात, त्यांना हा लेख लागू नाही.) इंजिनाच्या खालच्या पायावर, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पुढे, जाळीची भोकं असतात. तिथून पाणी आत शिरतं. पायाच्या वरच्या भागात पंप असतो आणि त्यात रबरी पात्यांचा इम्पेलर फिरतो. तो पाणी वर, सिलिंडरच्या भोवतालच्या अरुंद वाटांमध्ये ढकलतो. तिथून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की आपोआप उघडणारं दार) ओलांडून ते खाली येतं आणि धुराबरोबर बाहेर पडतं. वाटेत त्यातलं थोडं पाणी इंजिनाच्या मागून किंवा बाजूनं बारीक धारेनं बाहेर येतं. आपण "इंजिन पाणी मारतंय" म्हणतो ती हीच धार.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. इंजिन बंद केलं की फिरतं पाणी थांबतं, पण आतली ऊब टिकून राहते. त्या उबेनं खाचाखोचांत अडकलेलं पाणी आटतं आणि मीठ तिथंच बसतं. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक थर चढतो. वाटा मुळातच चिंचोळ्या, त्या आणखी आवळत जातात. शिवाय हे भाग अ‍ॅल्युमिनियमचे असतात. मिठाच्या थराखाली त्यांना बारीक खड्डे पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

आता थर्मोस्टॅटकडे या. बऱ्याच ओबीएममध्ये तो ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो. इंजिन गार असेल तर हे दार बंद असतं आणि त्याच्या पलीकडे पाणी नीट फिरत नाही. दोन मिनिटं पाणी मारून "झालं" म्हणणारे इथंच चुकतात.

लागणारं सामान

- गोड्या पाण्याची सोय: विहिरीचा पंप, नळ किंवा टाकी. पिंपाची पद्धत वापरणार असाल तर १०० ते २०० लिटर पाणी
- प्लास्टिकचं मोठं पिंप आणि इंजिन टांगायला लाकडी घोडी, किंवा रबरी वाट्या (फ्लशिंग मफ)
- बागेचा पाइप आणि त्याला बसणारा जोड
- पक्कड, पंख्याच्या नटाला बसणारा पाना आणि दोन-चार जादा कॉटर पिना (नट सुटू नये म्हणून आरपार घालून टोकं वाकवायच्या पिना)
- समुद्रात चालणारं वॉटरप्रूफ ग्रीस, गंज धरू न देणारा स्प्रे, सुती फडकी
- जाड तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा, वीतभर तुकडा (कशासाठी ते पुढे येईल)
- इंजिनासोबत आलेली पुस्तिका

पुस्तिका इंग्रजीत आहे म्हणून माळ्यावर टाकू नका. तुमच्या मॉडेलचं पाणी कुठून शिरतं आणि धुताना इंजिन चालू ठेवायचं की बंद, हे त्यातल्या चित्रांवरूनही कळतं. माझं सांगणं आणि पुस्तिका यांत फरक पडला तर पुस्तिकेचं ऐका.

१. पाणी खरंच गोडं आहे ना, ते बघा

किनाऱ्यालगतच्या विहिरी मार्च-एप्रिलपासून मचूळ व्हायला लागतात. देवबागसारख्या जागी, जिथं एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आहे, हा अनुभव सगळ्यांना आहे. घोटभर पाणी तोंडात घेऊन बघा. जिभेला मचूळ लागलं तर त्यानं धुतलेलं न धुण्यापेक्षा बरं, पण त्यावर हंगाम काढू नका. उन्हाळ्यात इंजिनापुरतं पाणी नळाचं किंवा आतल्या वाडीतल्या विहिरीचं आणा.

गढूळ पाणीही चालणार नाही. टाकीच्या तळाचा गाळ पाइपातून थेट इंजिनाच्या वाटांमध्ये जातो. पाण्याबद्दल शंका असेल तर पिंप भरताना पाइपाच्या तोंडाला सुती फडकं बांधा.

फक्त खाडीतच होडी फिरवता म्हणून धुवायला नको, असं समजू नका. भरतीला खाडीचं पाणी चांगलंच खारं असतं आणि ओहोटीला उथळ जागी पंखा चिखल उडवतो. मीठ आणि गाळ दोन्ही आत जातात.

२. किनाऱ्याला लागल्यापासूनची घाई

रात्री मासळी उतरवून, जेवून, झोपून, सकाळी इंजिन धुणं हा सगळ्यात महागात पडणारा आळस आहे. इंजिन अजून कोमट आणि आतून ओलं असतानाच धुवा. वाळलेलं मीठ साध्या पाण्यानं पुन्हा विरघळवायला फार वेळ लागतो आणि खाचांत बसलेलं तर निघतच नाही.

लहान इंजिन आपण होडीवरून सोडवून खांद्यावरून घरी नेतो. ८ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण २७-२८ किलोचं असतं, एक माणूस ते उचलू शकतो. उचलण्याआधी ते थोडा वेळ उभंच ठेवा, आतलं पाणी खाली निथळू द्या. नेताना इंजिनाचं डोकं वर आणि पंखा खाली, हे कधीही उलटं होऊ देऊ नका. पाय डोक्यापेक्षा वर गेला की आत राहिलेलं खारं पाणी धुराच्या वाटेनं उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. तिथं एका रात्रीत गंज धरतो. घरात आडवं ठेवतानाही हाच नियम पाळा. फोर-स्ट्रोक असेल तर ते कोणत्या कुशीवर ठेवायचं हे पुस्तिकेत दिलेलं असतं. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर ऑइल नको तिथं जातं.

३. तुमच्या इंजिनाला कोणती पद्धत लागू आहे?

पद्धती तीन आहेत: पिंपात बुडवून चालवणं, रबरी वाट्या लावून चालवणं आणि इंजिनावरच दिलेल्या फ्लशच्या तोंडाला पाइप जोडणं. लहान इंजिनांपैकी अनेकांची पाण्याची जाळी अशा ठिकाणी असते की वाट्या तिच्यावर बसतच नाहीत. त्यांना पिंपच लागतं. मोठ्या फोर-स्ट्रोक इंजिनांना बहुधा फ्लशचं तोंड असतं. होडी पाण्यातच नांगरून ठेवत असाल तर पायाभोवती गुंडाळायची फ्लशिंगची पिशवीही मिळते, तिचं काम पिंपासारखंच.

माझा कौल पिंपाला. पाणी थोडं जास्त लागतं, पण पंप, वाटा, थर्मोस्टॅट आणि धुराची वाट हे सगळं त्यात धुतलं जातं. आपल्याकडच्या उंच न ठेवलेल्या टाक्यांना पाइपात जोर नसतो, ती अडचणही पिंपात येत नाही.

४. पिंपाची पद्धत

घोडीची फळी मजबूत हवी. इंजिन चालू झाल्यावर हादरे देतं आणि हलणाऱ्या घोडीवरून ते घसरतं. इंजिन लावल्यावर दोन्ही स्क्रू आवळा आणि वरून दोरीनंही बांधून टाका.

पंखा काढा. कॉटर पिन सरळ करून ओढा, नट सोडवा. वॉशर कोणत्या क्रमानं निघाले ते लक्षात राहावं म्हणून फडक्यावर त्याच क्रमानं मांडून ठेवा. पंखा लावून पिंपात इंजिन चालवलं तर पाणी घुसळून त्यात हवा मिसळते, पंप ती हवा ओढतो आणि इंजिन गरम होतं. शिवाय चुकून गिअर पडला तर पिंप फुटतं किंवा हात जातो. लहान मुलं आसपास असतील तर आधी त्यांना लांब पाठवा.

पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते. पाण्याची पातळी तिच्या चांगली वर, निदान वीतभर, असली पाहिजे. इंजिन चालू झालं की फेस होतो, पाणी उडतं आणि पातळी उतरते. म्हणून पाइप पिंपात सोडूनच ठेवा.

जागा उघडी हवी. बंद पडवीत किंवा शेडमध्ये इंजिन चालवू नका, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

आता गिअर न्यूट्रलला आहे हे दोनदा बघा, थांबवायच्या स्विचची दोरी मनगटाला अडकवा आणि इंजिन चालू करा. काही सेकंदांत पाण्याची धार दिसली पाहिजे. दिसली नाही तर लगेच बंद करा. "थोडा वेळ बघू, येईल" म्हणू नका. इम्पेलरच्या रबराला वंगण पाण्याचंच असतं, कोरडं फिरलं की ते पाहता पाहता जळतं.

धार आली की इंजिन मंद गतीवर ठेवा. रेस करायचं काहीही कारण नाही. दहा मिनिटं तरी चालू द्या. कोमट इंजिन लवकर तापतं, गार झालेल्याला जास्त वेळ लागतो. बहुतेक इंजिनांत धारेचं पाणी हाताला कोमट लागायला लागतं, ती थर्मोस्टॅट उघडल्याची खूण. वेळ त्यानंतर मोजा, आधी नाही. थर्मोस्टॅट उघडल्यावर आणखी पाच मिनिटं.

पिंपातलं पाणी आता खारट आणि टू-स्ट्रोक असेल तर वर तेलाची साय आलेलं असतं. ते पुन्हा पुन्हा वापरू नका, नाहीतर तिसऱ्या दिवशी तुम्ही मिठाच्या पाण्यानंच मीठ धूत असाल. विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यातही ओतू नका.

५. रबरी वाट्यांची पद्धत

हेडफोन कानांवर चढवावा तशा या वाट्या पायाच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांवर बसतात. क्रम विसरू नका: आधी पाणी सोडायचं, मग इंजिन चालू. थांबवताना आधी इंजिन, मग पाणी. वाट्यांच्या कडेनं थोडं पाणी गळत राहिलं तर ते चांगलंच, पाणी पुरतंय याची ती खूण. कडा कोरड्या असतील तर पाइपात जोर नाही, पंप जेवढं मागतोय तेवढं पाणी येत नाहीये.

पंखा याही पद्धतीत काढलेला बरा. इंजिन चालू असताना बाजूला होऊ नका, कारण हादऱ्यानं वाटी घसरते आणि इंजिन कोरडं पडतं. एक माणूस इंजिनापाशी, दुसरा नळापाशी, असं दोघांनी मिळून केलं तर काळजी राहत नाही. वेळेचा हिशोब पिंपासारखाच.

६. फ्लशच्या तोंडाला पाइप जोडून

इथं बहुतेक इंजिनं बंद ठेवूनच धुवायची असतात. यामाहाच्या पुस्तिकांमध्ये तर हे ठळक लिहिलेलं असतं आणि पाणी सुमारे १५ मिनिटं सोडायला सांगितलेलं असतं. कारण सोपं आहे. पाणी वरून वाटांमध्ये शिरतं, खालच्या पंपाला भरपूर मिळत नाही, इंजिन चालू केलं तर इम्पेलर कोरडा फिरतो. वाट्यांची पद्धत शिकलेला माणूस इथं सवयीनं चावी फिरवतो.

दुसरा धोका शेवटी आहे. धुऊन झाल्यावर तो जोड इंजिनाच्या खालच्या कव्हरवर परत घट्ट बसवायचा असतो. सैल राहिला किंवा लोंबकळत राहिला तर पुढच्या फेरीत थंड करायचं पाणी तिथून बाहेर पळतं आणि भर समुद्रात इंजिन तापतं. पाइप काढताक्षणी जोड बसवा, इतर कामं नंतर.

ही पद्धत रोजच्यासाठी सोयीची आहे, पण पंप आणि थर्मोस्टॅट तिच्यात पिंपाइतके धुतले जात नाहीत असं माझं मत आहे. ज्यांचं इंजिन पिंपात मावतं किंवा ज्यांना वाट्या बसतात, त्यांनी अधूनमधून चालू इंजिनानंही धुवावं.

७. धार बघायला शिका

हे जमलं की अर्धा मेकॅनिक झालात. धार जोरकस आणि अखंड असेल तर ठीक. अडखळत किंवा थेंब थेंब येत असेल तर आधी धारेचं भोकच तुंबलंय का बघा. त्यासाठीच तो तंगुसाचा तुकडा. इंजिन बंद करून तो भोकात हळूच सरकवा, मागेपुढे करा. लोखंडी तार घालू नका, आतल्या भागाला ती ओरखडते. भोक मोकळं होऊनही धार क्षीण असेल तर जाळीत प्लास्टिक अडकलंय का बघा, नसेल तर इम्पेलर गेलाय असं धरून चाला.

धुताना सुरुवातीला धारेखाली बोट धरून जिभेला लावा. खारट चव येते. पाइपानं ताजं पाणी देत असाल तर काही मिनिटांनी ती चव जाते. गेली नाही तर अजून वेळ द्या.

धार चांगली आहे, इम्पेलर नवा आहे, तरी इंजिन तापतंय, असं असेल तर थर्मोस्टॅट काढून घ्या. दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि पाणी तापवा. तापल्यावर तो उघडताना दिसला पाहिजे. नाही उघडला तर बदला. त्याच वेळी तो बसतो त्या खोबणीत पांढरे खडे दिसले, तर धुणं अपुरं पडतंय हे समजा.

असे खडे काढायला कुणी संडास साफ करायचं अ‍ॅसिड वापरायला सांगितलं तर ऐकू नका. ते मिठाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं. जुना थर साचला असेल तर मेकॅनिककडून कव्हर उघडून साफ करून घ्या.

८. निथळू द्या

इंजिन बंद केल्यावर ते सरळ उभं राहू द्या, सगळं पाणी खालून गळेपर्यंत. धुऊन झालं म्हणून लगेच तिरकं करू नका. होडीवरच इंजिन ठेवत असाल तर आधी पूर्ण निथळू द्या, मग पाय पाण्याबाहेर येईल असं वर उचलून अडकवा.

९. कव्हरखाली आणि बाहेरून

कव्हर काढा. इथं पाइप मारायचा नाही. हवा ओढायच्या तोंडातून पाणी आत गेलं की वेगळीच डोकेदुखी. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, कोरडं होऊ द्या, मग गंजरोधक स्प्रेचा हलका हात फिरवा. वायरींचे जोड, बोल्टांची डोकी आणि स्टार्टरची जागा विसरू नका. कव्हर लगेच बंद न करता थोडा वेळ हवा लागू द्या.

बाहेरून मात्र भरपूर पाणी मारा. इंजिन अडकवायचे स्क्रू, वर उचलायचा सांधा, हँडलची मूठ, या जागी मीठ बसून सांधे जाम होतात. वाळल्यावर ग्रीस लावा. पंख्याच्या दांड्यालाही ग्रीस लावून मगच पंखा बसवा आणि कॉटर पिन नवी घाला.

१०. पंखा निघालाच आहे तर

दांड्यावर, पंख्याच्या मागे, तंगूस गुंडाळलेला असतो. समुद्रात तरंगणारा तुटका तंगूस पंखा ओढून घेतो आणि तो आतलं सील कापतो. सील कापलं की गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर हेच झालंय.

झिंकही बघा. इंजिनाच्या पायावर बसवलेला हा राखाडी तुकडा स्वतः झिजून इंजिन वाचवतो. अर्धा झिजला की बदला. त्याच्यावर रंग मारू नका, रंग लावलेला झिंक काम करत नाही. बाजारात मॅग्नेशियमचेही तुकडे मिळतात, ते गोड्या पाण्यासाठी. आपल्याला जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हवा.

इम्पेलर रोज चालणाऱ्या इंजिनात दर हंगामाला बदलावा. त्याची किंमत तापून बसलेल्या इंजिनाच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

११. पावसाळ्याआधीचं शेवटचं धुणं

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पर्यटनाच्या होड्याही पावसाळ्यात बंद राहतात. या दिवसांत इंजिन पडून राहतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेव्हाच होतं. म्हणून शेवटचं धुणं नेहमीपेक्षा दुप्पट वेळ करा आणि ते पिंपातच करा.

कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक असेल तर धुणं संपत आल्यावर, पिंपात पाणी असतानाच, पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालू द्या. आता पंपावर २०% इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पावसाळी हवेतला ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरमध्ये राहिलं तर आत घाण धरते. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात हा प्रकार करू नका, तिथं पुस्तिकेप्रमाणे चाला.

मग प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घाला, दोरी हळूच दोन-चारदा ओढा, प्लग परत लावा. गिअर ऑइल बदला, भरताना खालच्या भोकातून भरा म्हणजे आत हवा राहत नाही. इंजिन घोडीवर उभं, कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती चादर पुरे.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात नेण्याआधी पुन्हा एकदा पिंपात चालवून बघा. पावसाळ्यात कुंभारमाशी धारेच्या भोकात मातीचं घर बांधते. बाहेरून ते भोक जवळपास बुजलेलं दिसतं, कधी माती आतवर असते. इंजिन चालू करण्याआधी तंगूस घालून ती माती काढा, मग धार येते का बघा आणि ती पूर्ण जोरात येईपर्यंत इंजिन पिंपातून बाहेर काढू नका.